दोन कानांसाठी दोन बोर्ड

माझ्या थोरल्या भावाची बोटे फोनला कळत नाहीत. पन्नास वर्षे अणदूरच्या काळ्या मातीत घालवल्यावर त्या बोटांच्या टोकांना जी साल चढली आहे, तिच्या स्पर्शाने फोनच्या काचेला एवढाच बोध होतो की कुणीतरी आपल्यावर लाकूड घासते आहे. आणि लाकडाला गाणे लावून देण्याची सोय त्या कंपनीने केलेली नाही. अण्णा आधी बोट हलकेच टेकवतात, मग दाबतात, मग बैलाला रेटावे तसे रेटतात, आणि फोन खाटेवरून खाली जातो. तोंडाने सांगून पाहा, असे मी एकदा सुचवले होते. अण्णांनी एका जुन्या कव्वालीचे नाव खणखणीत उच्चारले. फोनने क्षणभर विचार केला आणि त्यांना सोयाबीनचे भाव सांगितले.

म्हणून प्रत्येक गाण्यासाठी सुनेला हाक मारावी लागे. ती बिचारी हातातले काम टाकून यायची, गाणे लावून जायची आणि कधी कुरकुर करायची नाही. तेच अण्णांना सोसवेना. तिने एखाद्या वेळी कपाळाला आठी घातली असती तर त्यांनी तिला दिवसातून दहा वेळा बोलावले असते. हळूहळू त्यांनी हाक मारणेच बंद केले. ही बातमी वहिनींनी माझ्या पत्नीला सांगितली आणि पत्नीने मला, एवढ्याच शब्दांत: "अण्णा आता नुसतेच बसून असतात म्हणे."

हे वाक्य मला बरेच दिवस पुरले. कारण नुसते बसणे हा अण्णांचा स्वभाव नव्हे. ट्रॅक्टरच्या दांडीला रेडिओ टांगून नांगरणारा हा माणूस. कव्वाली, नाट्यपदे, सीमेपलीकडची कानडी भजने, यांतले त्याला काही वर्ज्य नव्हते. द्राक्षे साधली त्या वर्षी त्यांनी सोलापुरातून एक अँप्लिफायर आणि ट्रंकेएवढे दोन स्पीकर आणले. ते अजून धडधाकट आहेत. मेली ती त्यांना गाणी पुरवणारी टेप, आणि तिच्यामागून कॅसेटी.

उन्हाळ्यात असे ठरले की येत्या दिवाळीनंतर अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या सोलापुरात बदलायच्या. त्यानंतर किमान सहा आठवडे घरात. हे ठरवायला आम्ही अणदूरला जमलो होतो, तिथे चहाच्या वेळी मी म्हणालो, "गाण्याचं मी बघतो."

वहिनींची गाळणी कपावर तशीच थांबली. आमच्या घरात मी हातांनी काही करीन ही कल्पनाच कुणाला नव्हती. मला शिकता यावे म्हणून अण्णा सातवीत शाळा सोडून शेतात गेले, आणि मी इतका शिकलो की साधा बल्ब बदलण्याचे सामर्थ्यही माझ्यात उरले नाही. उमरग्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी निवृत्तीपर्यंत तर्कशास्त्र शिकवले. वर्गात कधी नऊ मुले असत, कधी तीन. वस्तूंशी माझा संबंध उदाहरणांपुरता होता.

"म्हंजे तू कुणाला तरी सांगनार," अण्णा म्हणाले.

"नाही, मीच करणार."

"बरं," असे म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली. त्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता, पण मोडता घालण्याइतका अविश्वासही नव्हता. मी ते होकार म्हणून उचलले.

योजना सोपी होती. पत्त्यांच्या जोडाएवढा, एका पट्टीवर सगळे बसवलेला एक छोटा संगणक मिळतो. त्याला इंटरनेट दिले की तो जगातले कुठलेही गाणे ओढून आणतो. त्याला जुन्या रेडिओला असत तसे फिरवायचे दोन कान लावता येतात: एक आवाजाचा, एक गाणी बदलण्याचा. लाकडी, जाड, अण्णांच्या मुठीला शोभतील असे कान. काच नाही, सून नाही. अडचण एकच होती. मी घेतलेल्या संगणकाला स्वतःचा आवाज नव्हता. तो आवाज त्याच्या डोक्यावर बसवायच्या एका वेगळ्या बोर्डातून काढावा लागतो, आणि असे बोर्ड, मला नंतर कळले, चतुर्थीला येणाऱ्या मूर्तींइतक्या प्रकारचे असतात.

इथे माझ्या विद्वत्तेने प्रवेश केला.

एखाद्या साध्या माणसाने कुणाला तरी विचारले असते. मी वाचायला बसलो. या बोर्डांवर चर्चा करणारी मंडळी इंटरनेटवर एकत्र जमतात. त्यांच्या चर्चा मी चार महिने भाविकपणे वाचल्या. एकाने लिहिले होते की बोर्डाचा ठेका राखणारे इवलेसे घड्याळ बदलल्यावर गायिकेसमोरचा पडदा बाजूला झाला. दुसऱ्याला एका बोर्डाचा आवाज उबदार वाटला, तिसऱ्याला तोच कोरडा. एका गृहस्थांनी वीजपुरवठ्याची वायर बदलली, तर त्यांची पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन काय बदलले असे विचारू लागली. ही पत्नी त्या चर्चांमध्ये वेगवेगळ्या लोकांच्या घरी वारंवार आढळे. माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली ती टेबलावर आणखी किती दिवस पसारा राहणार हे विचारायला.

तिथे प्रश्न विचारण्याची मुभा होती. मी एक प्रश्न लिहिलाही. तो मी अकरा वेळा सुधारला. आधी तो फार थेट वाटला, मग फार लांब, मग त्यात माझे अज्ञान नको तितके दिसू लागले. अज्ञान दिसणार नाही असा प्रश्न तयार झाला तेव्हा त्यात प्रश्नच शिल्लक नव्हता. तो मी पाठवला नाही.

"अहो, अण्णांना गाणं ऐकायचंय," पत्नी म्हणाली. "त्यांना परीक्षेला बसायचं नाहीये."

पण मी पेटलो होतो. बोर्डांचे मी तीन वर्ग पाडले, आणि वर्गीकरण आजही बरोबर आहे. संगणकात गाणे आकड्यांच्या रूपात असते; पहिला वर्ग त्या आकड्यांचा आवाज करून देतो. तो आवाज कुठल्याही अँप्लिफायरला चालतो. दुसरा आवाज करून शिवाय मोठाही करतो, म्हणजे अँप्लिफायर नसलेल्यांसाठी. तिसरा काहीच करत नाही. आलेले आकडे तो जसेच्या तसे, अत्यंत नेटाने, पुढे पाठवतो. या तिसऱ्या वर्गातल्या बोर्डांची स्तुती सर्वांत जास्त होती. त्यांच्यावरची घड्याळे सर्वांत अचूक, त्यांचे मालक सर्वांत गर्विष्ठ.

मी विचार केला. प्रत्येक रूपांतरात काहीतरी गमावले जाते. जो बोर्ड रूपांतर करत नाही, तो काही गमावत नाही. म्हणून तोच सर्वोत्तम. हे अनुमान मी आजही फळ्यावर लिहून दाखवू शकेन. त्याच्या आकारात दोष नाही. ते आकडे पुढे जाऊन आवाज कोण करणार, हा प्रश्न मला पडला नाही, कारण तो माझ्या अनुमानात नव्हता.

शिवाय त्या बोर्डाचे भोक पाहून मी निश्चिंत झालो. ते अण्णांच्या अँप्लिफायरच्या मागच्या लाल-पांढऱ्या भोकांसारखेच, अगदी त्याच मापाचे होते. तीच पिन बसणार होती. भोक मात्र एकच होते, आणि इथे एक शंका आली. अँप्लिफायरला दोन भोके. उजव्या स्पीकरचे एक, डाव्याचे एक. बोर्डाला एक. माणसाला कान दोन. यावर मी दोन दिवस घालवले आणि मग उलगडा झाला. इतक्या शुद्धतेच्या आग्रही लोकांनी उजवा आणि डावा आवाज एका बोर्डात कालवला असेल हे संभवतच नव्हते. प्रत्येक कानाला स्वतंत्र बोर्ड हवा. छायाचित्रांत एकावर एक रचलेले बोर्ड मी पाहिलेही होते, जेवणाच्या डब्याच्या पुडांसारखे.

मी दोन मागवले.

त्यातला विनोद त्या वेळी मला दिसला नाही, हे नम्रपणे नमूद करतो. उलट, आपल्याला या विद्येचे मर्म सापडले असे वाटून मी त्या संध्याकाळी बायकोला आइस्क्रीम खायला घालायला नेले.

नंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे होते. वयाच्या साठाव्या वर्षी मी सोल्डरिंग शिकलो. टेबलावरच्या मेणकापडाला सात भोके पडली आणि माझ्या अंगठ्याला एक फोड आला. तो भेटायला येणाऱ्यांना दिसेल असा हात ठेवून मी बसत असे. कुणी विचारले नाही. कानांची जोडणी झाली, गाण्यांची यादी माझ्या फोनच्या पडद्यावर हलू लागली. प्रत्यक्ष आवाज ऐकण्यासाठी अण्णांचा अँप्लिफायर हवा होता आणि तो अणदूरला होता. म्हणजे मी न ऐकलेले यंत्र पूर्ण झाले होते. एका तर्कशास्त्राच्या शिक्षकाला यात काही गैर वाटले नाही.

अण्णा सोलापुरातून घरी आले त्याच्या चौथ्या दिवशी मी आणि पत्नी अणदूरला गेलो. देव नुकतेच नळदुर्गाला गेले होते. दरवर्षी दोनेक महिने खंडोबा तिकडे राहायला जातात, आणि त्यांच्यासोबत चालत जायचे हा अण्णांचा नेम. आता ते पाय पसरून खाटेवर, आणि गाव देव गेल्यावर होते तसे गप्प.

"देव पायी गेला," अण्णा म्हणाले. "मला नवे पाय बसवले आन् मी बसलोय."

मी यंत्राची पेटी उघडली. वहिनी, सून, शेजारच्या दोन बायका, आणि खाटेवर अण्णा, असा जमाव होता. मी यंत्राविषयी थोडे प्रास्ताविक केले. लाल पिन उजव्या बोर्डात, पांढरी डाव्या. कान फिरवला.

दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज आला: शिट्टी होण्याआधी कुकर सुसवतो तसा. मी कान अजून फिरवला. सुसवणे वाढले. गाणे बदलले. सुसवण्यात किंचित फरक पडला, म्हणजे गाणे आत कुठेतरी होते, पण बाहेर येत नव्हते. शुद्धता मात्र वाखाणण्यासारखी होती. उजवीकडच्या आणि डावीकडच्या सुसवण्यात तसूभर फरक नव्हता.

बायका पदराशी चाळा करू लागल्या. मग अण्णांनी मान तिरकी करून, अगदी मनापासून ऐकले.

"मास्तर," ते म्हणाले, "हिरीवरल्या मोटारीनं हवा धरलीय. फुटव्हॉल्व्ह बघ."

शेजारणी हसल्या, वहिनी हसल्या, आणि सर्वांत जास्त माझी पत्नी हसली. मीही हसलो. पण हसणे ओसरल्यावर अण्णांनी ज्या रीतीने खिडकीकडे तोंड वळवले, ते मला दिसले. ते मला एक शब्द टाकून बोलले नाहीत. लहानपणी माझ्याकडून विहिरीत बादली पडली तेव्हाही ते असेच काही न बोलता गळ शोधायला गेले होते. या वेळी त्यांना उठून जाता येत नव्हते. सुनेने फोन काढला आणि विचारले, "मामा, लावू का एखादं?"

"र्‍हाऊ दे," अण्णा म्हणाले. "तुझी भाजी लागंल."

पेटी मी परत उमरग्याला आणली. पुढचे दोन दिवस माझ्या अनुमानात चूक शोधण्यात गेले. सापडली नाही, कारण नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने ती पेटी पिशवीत घालून माझ्या हातात दिली आणि हायवेवरच्या दुकानात जा म्हणाली. ट्रकांना गाण्याच्या मशिनी बसवून देणारे एक दुकान तिथे आहे. सोलापूर ते हैदराबाद जाणारे ट्रक उमरग्यात जेवायला थांबतात. ड्रायव्हर जेवून येईपर्यंत हा माणूस केबिनमध्ये स्पीकर ठोकून मोकळा होतो. तिथे जाऊन एका अनोळखी माणसाला 'मला कळले नाही' असे सांगायचे, ही कल्पना मला पेलवेना. मी त्या दुकानावरून तीनदा गेलो. समोर एक सोडा प्यायलो. नको असताना दुसरा प्यायलो. मग पोट इतके भरले की चालणे अवघड झाले आणि मी दुकानात जाऊन बसलो.

दुकानदार तिशीचा, हाताला ग्रीस. चष्मा दिसला की तो सर म्हणत असावा.

"बोला सर."

मी जे बोललो ते त्याच्या ध्यानात येईपर्यंत एक ट्रक येऊन गेला. त्याने पेटी उघडून वरचा बोर्ड उजेडाकडे धरला.

"हे तर एकदम वरचं आयटम हाय. कुनी काढून दिलं?"

"मीच निवडले."

"पन ह्यातनं आवाज न्हाय निघत, सर. नुसते आकडे निघतेत. पुढं त्याचा आवाज करनारी दुसरी डबी लागती. भोक सारखं हाय, पन आतला माल येगळा हाय."

चार महिन्यांच्या वाचनानंतर मी हेच वाक्य स्वतःच्या वहीत लिहिले होते; तिसऱ्या वर्गाच्या व्याख्येत. फक्त ते वाक्य अण्णांच्या अँप्लिफायरला लागू पडते हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

"आन् दोन कशाला बसिवले?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. दोन्ही सोडे त्याच भीतीने प्यायलो होतो. मी खाली बघून सांगितले की एक उजव्या कानासाठी आणि एक डाव्या.

तो हसला असता तर बरे झाले असते. त्याने बोर्डाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि गंभीरपणे म्हणाला, "बरोबर हाय की. कान दोन हायेत."

मग त्याने एकाच बोर्डातून दोन्ही कानांचे आकडे एकाच तारेने जातात हे मला समजावले, वरचा बोर्ड काढून माझ्या खिशात ठेवला, आणि खणातून काड्यापेटीएवढी एक काळी डबी काढली. नव्या टीव्हीतून नुसते आकडे निघतात आणि लोकांच्या घरी स्पीकर जुने असतात. म्हणून असल्या डब्या तो गठ्ठ्याने ठेवतो. तिच्यावर कंपनीचे नाव नव्हते. घड्याळाविषयी तिचे काही म्हणणे नव्हते. जगातल्या अत्यंत अचूक बोर्डातून अत्यंत अचूकपणे निघालेले आकडे आता या डबीत जाणार होते, आणि ज्या रूपांतराच्या धाकाने मी चार महिने घालवले ते हिच्या पोटात होणार होते. त्याने ती जोडली, दुकानातला एक स्पीकर लावला, कान फिरवला. कव्वाली सुरू झाली. रस्त्यावरच्या एका क्लीनरने मागे वळून पाहिले.

"आवाज कसा वाटतो?" मी विचारले. "उबदार की कोरडा?"

"आवाज येतोय, सर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच अणदूरला गेलो. या वेळी मी कुणाला सांगितले नव्हते. वहिनी अंगणात शेंगा फोडत होत्या. पिशवी पाहून त्यांनी फक्त 'पुन्हा?' अशा अर्थाने पाहिले. अण्णा झोपले नव्हते. भिंतीकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून पडले होते. मी प्रास्ताविक केले नाही. पिना लावल्या, पेटी खाटेशेजारच्या स्टुलावर त्यांच्या उजव्या हाताखाली सरकवली आणि मागे सरून उभा राहिलो.

"काय करू?" अण्णांनी विचारले.

"फिरवा."

त्यांनी लाकडी कान मुठीत धरला. ज्या सालीला काच ओळखत नव्हती तिने लाकूड बरोबर पकडले. आधी काही नाही. मग एक बाजाची पेटी वाजू लागली, तिच्यामागे टाळ्या, आणि मग एक जाडाभरडा गळा. अण्णांनी हात काढला नाही. त्यांनी दुसरा कान फिरवला, कानडी भजन. पुन्हा फिरवला, नाट्यपद. पुढे गेले, मागे आले, अर्धवट सोडले, परत आणले, एक पद दोनदा ऐकले, दुसरे दोन शब्दांतच हाकलून दिले. सून दारात येऊन थांबली. तिच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. तिला कळले, ती आत गेली.

मला राहवेना. एवढ्या अभ्यासानंतर माणसाला निदान एक वाक्य तरी हवे असते. मी म्हणालो, "अण्णा, यात खरे तर दोन टप्पे आहेत. हा जो आतला बोर्ड आहे ना, तो आकडे—"

"आवो, कमी करा की जरा," अंगणातून वहिनी म्हणाल्या. "गल्लीला काय जागरण घालताय काय."

अण्णांनी त्यांचेही ऐकले आणि माझेही. मग आवाजाचा कान आणखी उजवीकडे फिरवला. त्या ट्रंकेएवढ्या स्पीकरवरच्या फुलदाणीतली प्लास्टिकची फुले थरथरू लागली. माझे वाक्य पुढे चालू होते, कारण अर्धे वाक्य सोडायची मला सवय नाही. पण माझे ओठ हलताना पाहून अण्णांनी हात वर केला, आणि मी बसलो.